बिलावर डिस्क असं लिहा

—नाही नाही, ताई, झाकण उघडून तपासत बसायची गरजच नाही, मी सांगतो ना, डिस्कच गेलीय त्याची. सरळ ती जुनी हार्ड डिस्क काढा, ती नवीन वेगवान निघालीय ना—एसएसडी का काय—ती बसवा आणि द्या मला परत. तासा-दोन तासांचं काम. मी बसतो इथेच या स्टुलावर, मला काही घाई नाही—म्हणजे घाई आहे, संध्याकाळच्या आत घरी न्यायचाय—पण तुमच्या डोक्यावर बसणार नाही. काय? आधी बघायला हवं? बघायचंय काय त्यात! कॉम्प्युटर संथ चालतो म्हटल्यावर डिस्कच की. रॅम? छे छे, रॅमला काय धाड भरलीय? रॅम एकदा बसवली की बसवली, तिच्यात हलतं-फिरतं काही नाही. डिस्कचं तसं नाही, ती गरगर फिरते, झिजते, म्हातारी होते माझ्यासारखी. मशिनांत जन्म काढलाय, ताई, मला कळतं. जे फिरतं ते बिघडतं.

बरं, विचारा, विचारा. सुरू व्हायला किती वेळ घेतो? दोन मिनिटं दहा सेकंद. तीनदा मोजलंय, सरासरी सांगतोय. हसताय काय, सवय आहे ती. आणि मग? मग चालतो ना, पहिली पाच-सात मिनिटं बरा चालतो. मग सूनबाई एकेक उघडायला लागते—हा माझ्या सुनेचा कॉम्प्युटर, ते सांगायचं राहिलंच—ती घरून काम करते. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की बोलून ठेवतात, ते ही कानाला लावून ऐकते आणि त्याचा रिपोर्ट टाइप करते. डॉक्टरांचं अक्षर कळत नाही म्हणतात ना, त्यांचं बोलणंही कळत नाही, पण हिला कळतं! एकजण तर तोंडात काहीतरी चघळत बोलतो, त्याच्या फाइल्स सगळ्या हिच्याकडेच पाठवायचे, दुसऱ्या कुणाला लागतच नव्हत्या. तर—ऐकायची एक खिडकी, लिहायची एक, औषधांच्या नावांचा कोश एक, आणि कंपनीची एक, ती कायम उघडी ठेवावी लागते, तिच्यात हिची मिनिटं मोजली जातात. चारही उघडल्या की हा अडखळलाच. ती अक्षर दाबते आणि पडद्यावर उमटायला—एक, दोन, तीन. आवाज मध्येच तुटतो. आणि तो पुढचा बारका दिवा आहे ना, तो लुकलुकायला लागतो तो थांबतच नाही. दिवा कशाचा? डिस्कचा! मग दोष कोणाचा? सांगा.

हं. हो. तेही खरं म्हणा. रॅममधली जागा कमी पडली की तो सामान नेऊन डिस्कवर टाकतो आणि लागलं की परत आणतो, म्हणून दिवा. माहीत आहे. अहो, माहीत आहे मला, सगळं वाचलंय मी—कधी वाचलं ते सोडा. टेबल लहान असलं की कामगाराला प्रत्येक वस्तूसाठी उठून स्टोअरला जावं लागतं, तसं ते. बघणाऱ्याला वाटतं स्टोअरवाला संथ आहे. नाहीतर वाटतं, कामगारच संथ आहे. आमच्याकडे असायचे ना असे प्रकार. मी कारखान्यात होतो, एकतीस वर्षं. मशीन चालवायचो? नाही नाही. मशीन चालवणाऱ्यांचा वेळ मोजायचो. हातात स्टॉपवॉच, पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म, आणि कामगाराच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं, उजव्या नाही, उजव्या बाजूला उभं राहिलं की त्याचा हात बिचकतो. कोणत्या कामाला किती सेकंद लागायला हवेत आणि याला किती लागले. टिकटिक मास्तर म्हणायचे मला. तोंडावर नाही, माझी पाठ वळली की. मला काही वाईट वाटायचं नाही, कोणीतरी मोजायला हवंच ना? आपलं एकच म्हणणं असायचं, ताई—मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

आता तुम्ही स्टोअरचं काढलंत म्हणून आठवलं—तुम्ही नाही, मीच काढलं, बरं—एक बाई होती आमच्याकडे, तारेची वेटोळी गुंडाळायची, मोटारीच्या आतली. हात असा चालायचा तिचा! आणि एका महिन्यात तिचा आकडा पडला. गेलो मी, उभा राहिलो डाव्या खांद्यामागे. तासात अकरा वेळा उठली. तार संपली, उठ. कापड संपलं, उठ. मी लिहिलं, अनावश्यक हालचाल. तिला पॅकिंगला टाकलं. तिच्या टेबलाजवळ पूर्वी एक ट्रे असायचा, सामान ठेवायचा, तो कोणीतरी उचलून दुसऱ्या लाइनला नेला होता. ते मी बघितलं होतं? बघितलं असेन. माझ्या फॉर्मात त्याचा रकानाच नव्हता. रकाना नसला की माणूस लिहिणार कुठे? जाऊ द्या, कुठल्या कुठे गेलो.

अहो—अहो, उघडलंत? मी इकडे बोलतोय आणि तुम्ही तिकडे स्क्रू काढून मोकळ्या! बरं, उघडलंच आहे तर डिस्क काढा चटकन. तिकडे काय बघताय, डिस्क खाली आहे ना? ती खाच? रिकामी आहे, हो. दोन खाचा असतात आणि रॅमची एकच पट्टी बसवतात, कंपन्या पैसे वाचवतात, नेहमीचंच आहे. चिमटा? कसला चिमटा? तो पांढरा, टोकाचा... उघडा आहे होय. कंपनीतूनच राहिला असेल तसा. धूळ? कुठे धूळ नाही? सगळीकडे धूळ आणि त्या खाचेत नाही—कमाल आहे तुमच्या नजरेची, आमच्या कारखान्यात असतात तर माझी नोकरी गेली असती. आणि तो स्टिकर कशाला वाचताय बाजूचा? आठ जीबी रॅम लिहिलंय. हो, दिसतंय मला, आठ. आणि पडद्यावर चार दाखवतो. मग? स्टिकरवर काय, काहीही छापतात.

जरा पाणी मिळेल का? नाही, मला काही होत नाहीये. असू द्या, नको पाणी.

हे बघा ताई. त्याचं काय आहे. आमच्या मुलाने दोन कॉम्प्युटर घेतले होते, एकाच कंपनीचे, एक हिला आणि एक मला. तो दूर असतो नोकरीला, चार-चार महिने येत नाही, म्हणाला, बाबा, तुमचाही वेळ जाईल. हिच्यात दोन पट्ट्या, माझ्यात एक. बरोबरच होतं ते, मला काय करायचंय? बुद्धिबळ खेळतो मी कॉम्प्युटरशी. पण तो विचार करायचा, करायचा, त्याची चाल येईपर्यंत मी काय चाल ठरवली होती तेच विसरायचो. मग वाचलं मी, रॅमविषयी. दोन पट्ट्या हव्यात. आणि दुपारची वेळ, सूनबाई दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. मी मनात म्हटलं, ही तर नुसती टाइप करते. अक्षरं ती काय आणि त्यांचं वजन ते काय! हिला कशाला हव्यात दोन? चार मिनिटांचं काम, झाकण काढलं, दोन्हीकडचे चिमटे दाबले, पट्टी आपसूक वर येते. चोरी नाही हो ती! घरातल्या घरात कोणी चोरी करतं का? या खोलीतली खुर्ची त्या खोलीत नेतो आपण, तसं. सांगणारच होतो तिला. ती आली तेव्हा तिचा गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं, म्हटलं, उद्या सांगू.

उद्याचं परवा झालं. आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, बाबा, माझा कॉम्प्युटर हळू झालाय का हो? बघा, त्या क्षणी सांगायला हवं होतं. किती वेळ लागला असता? पाच सेकंद. आणि मी काय बोललो? मी म्हणालो—नाचता येईना, अंगण वाकडं. हसत म्हणालो हो! गंमत म्हणून तोंडातून निघून गेलं. आणि एकदा असं बोलून बसल्यावर मग कुठल्या तोंडाने सांगणार की बाई गं, अंगण मीच वाकडं केलंय? आधी जे विचारणं झालं असतं, ते आता कबूल करणं झालं. मग बसलो मूग गिळून. आमची ही असती ना, तर पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं असतं. पण ती जाऊन सहा वर्षं झाली आणि माझ्या तोंडाकडे बघणारं घरात कोणी नाही.

आठ महिने. काय बघताय माझ्याकडे? आठ महिने, हो. कंपनीचा दर आठवड्याला कागद येतो, कोणी किती मिनिटांचं ऐकून लिहिलं. ही कायम पहिल्या तिघांत. मग आठवी, मग पंधरावी, मग खाली लाल रंगात. तो चघळणारा डॉक्टर दुसऱ्या कोणाला दिला. ती पहाटे उठायला लागली, चारला, म्हणजे मिनिटं भरून निघतील. डोळे तपासून आली, चष्मा लागला—लागायची गरज नव्हती हो, पाव नंबर, डॉक्टर म्हणाले, घाला हवं तर. मग हात दाखवले, बोटांचे सांधे. मग रक्त तपासलं. एकदा बोटं अशी समोर धरून म्हणाली, बाबा, माझंच काहीतरी बिघडलंय. आणि मी... मला राग आला तिचा! खोटं कशाला बोलू. आला राग. म्हटलं, इतकी हुशार मुलगी, हिला एकदाही कशी शंका येत नाही, हिने एकदाही झाकण उघडून का बघू नये? एकदा उघडलं असतं तर सुटलो असतो मी.

आणि त्यावर कळस सांगू? नको सांगायला. नाही, सांगतो, आता राहिलंय काय. तीच म्हणाली मला, बाबा, तुम्ही एवढे लोकांचे वेळ मोजलेत, माझं बघा ना, कुठे चुकतंय. आणि मी घड्याळ काढलं. कपाटातून, किल्ली दिली त्याला, आणि उभा राहिलो, ताई, तिच्या डाव्या खांद्यामागे. दोन दिवस. फॉर्म नव्हता तर वहीत रेघा मारल्या. खुर्चीची उंची दोन बोटं कमी कर म्हटलं. कप डावीकडे ठेव म्हटलं. दुसऱ्या दिवशी वही मिटून म्हणालो, तुझा हात मुळात संथच आहे गं, त्यात तुझा काही दोष नाही, काहींचा असतो. अगदी प्रेमाने म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून. तिने मान डोलावली आणि कप उचलून आत गेली.

काल जेवताना म्हणाली, मी सोडते काम. मुलाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, तुझं तू बघ, जीवापेक्षा काय जास्त आहे. बरोबरच बोलला तो, त्याला काय माहीत. पत्र लिहून तयार आहे तिचं. मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत थांब, एकदा कॉम्प्युटर कोणाला तरी दाखवून आणतो. ती म्हणाली, बाबा, कशाला उगाच, दोष त्याचा नाहीये. असं म्हणाली. दोष त्याचा नाहीये.

तर पट्टी—ही बघा. चष्म्याच्या डबीत आणलीय, पुसायच्या फडक्यात गुंडाळून. हो, तीच. सकाळी माझ्या कॉम्प्युटरमधून काढली आणि ती आंघोळीला गेली होती तेवढ्यात याच्यात घालायला गेलो. काढताना चार मिनिटांत निघाली होती, घालताना जाईचना. कशीबशी बसवली, बटण दाबलं, तर तीनदा किंचाळल्यासारखा वाजला आणि पडदा काळा. पाचावर धारण बसली माझी. काढली परत आणि आलो इथे. तेव्हा आता तुम्ही एक करा. ही घाला. आणि डिस्कही नवीन घाला, तिला वेग मिळू दे, दुप्पट मिळू दे, माझ्याकडून. आणि बिलावर डिस्क असं लिहा. जुनी डिस्क खराब, बदलली. तुमची सही, दुकानाचा शिक्का. म्हणजे ती वाचेल आणि तिला कळेल की दोष तिचा नव्हता, मशीनचा होता. एवढंच तर हवंय! तिला हवं ते मिळालं, मला हवं ते मिळालं, तुमचं गिऱ्हाईक झालं. डिस्क झिजते, ताई. डिस्क कोणी चोरत नाही.

काय? डिस्क चांगली आहे? किती टक्के? मग काय झालं चांगली आहे तर! माणसं चांगली असताना निवृत्त होतात, डिस्कला काय झालं? ... नाही लिहिणार? एक ओळ आहे हो, एक ओळ. तुमचं काय जातंय? ... हं. तुमच्या बिलावर खोटं नाही. छान. मी एकतीस वर्षं कागदावर खरं लिहिलं, ताई, सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत खरं, आणि त्याने कोणाचं भलं झालं? त्या तारवालीचं झालं? तेव्हा मला खरं-खोटं शिकवू नका. ... नाही, तुम्ही काही बोलला नाहीत, मान्य आहे. नुसतं बघताय. बघू नका तसं.

घाला तर खरी. बघू द्या. हां—एका कोपऱ्याला बोट, दुसऱ्या कोपऱ्याला बोट, आणि दोन्हीकडून सारखा दाब... टक. झालं? एवढंच? चिमटे आपले आपण मिटले की. मी इतका जोर लावायला घाबरलो होतो. दाबा, बटण दाबा. ... वाजला नाही. ... आला पडदा. आठ म्हणतोय. उघडा बरं तिच्या खिडक्या—ती ऐकायची, ती लिहायची, तो कोश, ती कंपनीची. चार. टाइप करा काहीतरी, काहीही करा. ... तो दिवा बघा. विझला. अहो, विझला ना तो! अक्षर बोटाखालून निघायच्या आत तिकडे... हा वेग होता तिचा. आठ महिने ही मुलगी पायात दगड बांधून पळत होती आणि मी बाजूला उभा राहून सेकंद मोजत होतो.

थांबा, फोन वाजतोय. तिचाच आहे. ... तुम्ही बोलता? तुम्ही दुकानवाल्या म्हणून बोला, रॅमचा काहीतरी घोटाळा होता म्हणा, सैल झाली होती म्हणा. सैल! हे खोटंही नाही फारसं. ... नाही? बरं. बरं, मीच.

हां, बोल गं. ... हो, दुकानातच आहे. हो, बघितला त्यांनी. चालतोय, एकदम मस्त चालतोय, तू बघशील तर... ... काय? ... पत्र पाठवलंस? अगं, संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं होतं ना मी! ... मोबाईलवरून. ... आणि उत्तरही आलं? इतक्यात? काय म्हणतात? ... ‘शुभेच्छा.’ बस? सात वर्षांना एक शब्द? ... नाही, तुझ्यावर नाही चिडलो. ... नाही गं, मला काही होत नाहीये. ... काय म्हणालीस? परत बोल, ऐकू नाही आलं. ... मी म्हणत होतो तेच खरं? काय म्हणत होतो मी? ... हात संथच आहे, हे? ... हसू नकोस. हसतेस काय, त्यात हसण्यासारखं काही नाही. ... हलकं वाटतंय तुला. ... हो. ... हो, ऐकतोय. ...

ऐक. फोन ठेवू नकोस. कुठे आहेस, स्वयंपाकघरात? गॅस बंद कर आधी. आणि बस. उभ्याने नको, खुर्ची घे आणि बस. ... बसलीस? एक मिनिट हं—

ताई, तुम्ही जरा बाहेर जा. ... दुकान तुमचंच आहे, कळतंय मला. तरी जा.